घड्याळाचा हवापालट

२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन न करता लिहायला बसले, कारण गेल्या वेळी मी फोनवर माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते आणि मध्येच तुझ्या घरातली घड्याळं वाजायला लागली. एक थांबलं की दुसरं, दुसरं थांबलं की तिसरं. तुला माझं काही ऐकू आलं नाही, मला तुझं काही ऐकू आलं नाही, आणि शेवटी तू माझं अभिनंदन करून फोन ठेवून दिलास. गुडघा दुखतो म्हणून आजवर माझं कुणी अभिनंदन केलं नव्हतं.

आता कामाचं. ह्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आहे. तेच ते, काचेच्या दाराचं, लंबकाचं. हे गेले आणि आठवड्याभरात तेही थांबलं. किल्ली मी नेमाने देते, तरी थोडा वेळ चालतं आणि थांबतं. शेजारीण म्हणते, घड्याळाला धक्का बसला. मी तिला म्हटलं, धक्का तर मलाही बसला होता, पण मी स्वयंपाक करायची थांबले नाही. कोपऱ्यावरचा घड्याळवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो. तो म्हणाला, आतलं सगळं काढून टाकतो, बॅटरी बसवतो आणि लंबक शोभेला राहू देतो. मी घड्याळ काखेत मारलं आणि घरी आले.

खरी गोष्ट पुढेच आहे. लेक मागे लागली आहे की घर बंद कर आणि माझ्याकडे ये. जावई गुणाचा आहे, माझ्यासाठी वेगळी खोली रंगवून ठेवली आहे. पण मला जायचं नाही रे. हे गेल्याचं कसंबसं सोसलं. पण घड्याळ थांबल्यापासून घरात फक्त माझ्या एकटीच्या चपलांचा आवाज येतो, आणि तो मला सोसत नाही. हे लेकीला कसं सांगू? एक दिवस वैतागून बोलून बसले की घड्याळ चालू झालं तर मी इथेच राहणार, नाही झालं तर मुकाट्याने बॅग भरणार. तिने तिथल्या तिथे मान्य केलं. एप्रिल संपताना ती न्यायला येणार आहे. ते घड्याळ काही चालत नाही, अशी तिची खात्री आहे.

तेव्हा आता सगळं तुझ्या हातात. तू जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसलास आणि निवृत्त झाल्यावर घड्याळांच्या नादी लागलास, हे मी विसरलेले नाही. पण अडला हरी म्हणतात, पुढचं तुला ठाऊक आहे. मागच्या गल्लीतल्या सोफ्याच्या दुकानाचा ट्रक दर आठवड्याला तुमच्या गावी येतो. ड्रायव्हर भला माणूस आहे. त्याच्याबरोबर गादीत गुंडाळून पाठवते आहे.

वहिनीला आशीर्वाद आणि सहानुभूती. लोभ आहेच, तो त्या घड्याळासारखा मध्येच थांबवू नकोस.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेशंट सुखरूप पोचला. ड्रायव्हरने स्वतः उचलून आत आणला आणि कुठल्या खाटेवर ठेवू म्हणून विचारलं. मी जेवणाचं टेबल दाखवलं. तुझ्या वहिनीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही.

ताई, काय घड्याळ आहे! भावोजींच्या हयातीत तुमच्याकडे इतक्यांदा आलो, पोटभर जेवलो, आणि एकदाही मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं नाही, याची मला लाज वाटते. तेव्हा मला हा नाद नव्हता, म्हणजे मी आंधळाच होतो. दोन भोकं आहेत. एक चालण्याच्या किल्लीचं, एक ठोक्यांच्या किल्लीचं. आत पितळेच्या दोन जाड पट्ट्या, त्यांच्यामध्ये चाकं, आणि वर नांगराच्या आकाराचा एक पोलादी तुकडा. हा तुकडा चाकाचा एक दात अडवतो, मग सोडतो, पुन्हा पुढचा अडवतो. आपण टिकटिक म्हणतो तो त्याचाच आवाज. त्याच्या मागून एक बारीक काडी खाली येते आणि लंबकाला दर वेळी हळूच ढकलते. झोपाळ्यावरच्या पोराला आई ढकलते तसं. अडवायचं आणि सोडायचं, एवढ्यावर सगळा कारभार. मी तासभर नुसता बघत बसलो होतो.

तू मोबाइलवाल्याच्या हाती ते दिलं नाहीस हे उत्तम केलंस. चष्म्याच्या काडीतला स्क्रू ज्याने गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसवला आहे, त्याला ही चाकं म्हणजे बैलगाडीची चाकं. तू बॅग माळ्यावरून काढूसुद्धा नकोस. भाचीला माझ्यातर्फे सांग की रंगवलेल्या खोलीत जावयाची पुस्तकं ठेवून टाक.

कान जरा कमी ऐकतो असं तुझी वहिनी म्हणते. मला तसं काही जाणवत नाही. तुझ्या गुडघ्याचं ऐकून बरं वाटलं.

लोभ असावा, भरवसाही असावा.

तुझा,
खटपट्या

१४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचे बंधू आत्ता भिंग डोळ्याला लावून बसले आहेत, म्हणजे जेवणापर्यंत मी काय करते याकडे त्यांचं लक्ष जाणार नाही. तेवढ्यात लिहून घेते.

तुमच्या सहानुभूतीबद्दल आभार. ती रोज थोडी थोडी वापरते आहे. घरात किती घड्याळं झाली ते मी आता मोजत नाही. एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. हॉलमध्ये दुपार होते तेव्हा स्वयंपाकघरात अजून सकाळ असते, आणि न्हाणीघरातल्या घड्याळात कालचा दिवस चालू असतो. परवा चहात साखर घालायला गेले तर चमच्यात पितळेचं चाक आलं. विचारलं, तर म्हणाले, साखरेत दमटपणा नसतो म्हणून तिथे ठेवलं होतं. एक स्प्रिंग सुटून उडाली ती सगळीकडे शोधली. दुसऱ्या दिवशी भाजी घेताना भाजीवालीने ती माझ्या अंबाड्यातून काढून दिली.

आणि त्यांची मान. सतत एका डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे ती डावीकडे कलली ती कललीच. चालताना, जेवताना, आरशात बघताना, सदान्कदा तशीच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आहेत. ह्यांचं म्हणणं, मान सरळच आहे, डॉक्टरांचा दवाखानाच तिरका आहे. त्यामुळे भिंतीवर ते जे जे टांगतात ते वाकडं असतं. आमच्या लग्नाचा फोटो त्यांनी काच पुसून परत टांगला, तेव्हापासून आलेला प्रत्येक पाहुणा मान कलती करून आमचा संसार बघतो. पूर्वी मी सरळ करायची. पण लगेच येऊन कुणी वाकडं केलं म्हणून विचारायचे. मग म्हटलं जाऊ दे. रोज कोण वाद घालणार? आता वाकडंच डोळ्यांना सवयीचं झालं आहे.

पण एक सांगते. तुमच्या घड्याळाला ते हसत-खेळत हात लावत नाहीत. बाकीच्या घड्याळांशी गप्पा मारत काम करतात, ह्याच्यापुढे गप्प असतात. परवा जेवता जेवता हात थांबला. विचारलं तर म्हणाले, ताईला तिकडे करमणार नाही. एवढंच बोलले आणि उठले. त्या दिवशी मी साखरेच्या डब्याबद्दल काही बोलले नाही.

मोठ्यांच्या लोभाला आम्ही पात्र असावं, साखरेसकट.

तुमची,
वहिनी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चाललं! चाललं! चाललं!

आता नीट लिहितो. सगळं सुटं केलं. प्रत्येक चाक रॉकेलमध्ये धुतलं. पट्ट्यांमधली भोकं लाकडी काड्या तासून साफ केली, इतका काळा मळ निघाला की तुझी वहिनीसुद्धा बघायला आली. मग जोडणी. जोडल्यावर एक चाक उरलं. पुन्हा सोडलं, पुन्हा जोडलं, तेव्हा कळलं की उरलेलं चाक न्हाणीघरातल्या घड्याळाचं होतं. तेल सुईच्या टोकावर राहील तेवढंच दिलं. इथेच अडाणी लोक चुकतात, घड्याळाला तेल पाजतात. मग हॉलमध्ये खिळ्याला टांगलं, लंबकाला बोट लावलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. ताई, ते चालायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. ठोके असे देतं की बाकीची घड्याळं ओशाळून गप्प बसावीत. बसत नाहीत ती गोष्ट वेगळी.

काल मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो. भावोजी त्याला किल्ली देताना कसे पाठमोरे उभे राहायचे ते आठवलं. डोळे भरून आले. तुझ्या वहिनीला सांगितलं की रॉकेलचा वास चढला.

उद्याच्या ट्रकने पाठवतो. एकच सूचना, पण ती मनावर घे: घड्याळ अगदी सरळ टांग. लंबकाच्या घड्याळाचा हा पहिला नियम आहे, पुस्तकात ठळक अक्षरांत दिला आहे. मी स्वतः या बाबतीत फार काटेकोर आहे.

भाचीला माझा विजय कळव. लोभ आहेच, आता कौतुकही यावं.

तुझा,
खटपट्या

१२ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

कौतुकाचं पत्र मी लिहायलाही घेतलं होतं. ते फाडून हे लिहिते आहे.

घड्याळ आलं. गादी सोडली, किल्ली दिली. तुझ्या सूचनेप्रमाणे सरळ टांगायचं म्हणून ह्यांच्या पेटीतला ओळंबा काढला, दोरा सोडून घड्याळाची कड त्याला लावून पाहिली, केसभरही फरक ठेवला नाही. शेजारीण खालून बघून सांगत होती. लंबकाला बोट लावलं, चालायला लागलं. आम्ही दोघी चहा ठेवायला आत गेलो. चहा उकळून बाहेर येईपर्यंत थांबलेलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. माझ्या हातात कप होता, तो तसाच गार झाला.

आणि सरळ टांगायची शिकवण तू मला देतोस? अरे, सरळ टांगण्यात माझा जन्म गेला! ह्यांची त्या घड्याळाशी काय खोड होती ते तुला माहीत नाही. तू यायचास जेवणाच्या वेळी, घड्याळापेक्षा तुझं लक्ष ताटाकडे. हे ऑफिसात नकाशे काढायचे. पट्टी लावून सरळ रेघा मारण्याचाच पगार. पण घरात घड्याळ वाकडं! मी सकाळी फडकं मारताना ते सरळ करायची. हे कामावर निघताना बूट घालायचे, उठायचे, आणि एका बोटाने त्याला खालून ढकलून परत वाकडं करायचे. दुसऱ्या दिवशी मी सरळ, हे वाकडं. भिंतीवर घड्याळाच्या कडेशी पेन्सिलची एक तिरकी रेघही मारून ठेवायचे. मी ती ओल्या फडक्याने पुसायची, की दोन दिवसांनी पुन्हा हजर. एकदा विचारलं की हा काय चाळा आहे, तर म्हणाले, तुझं तुझ्यापाशी, त्याचं त्याच्यापाशी. आणि गेले निघून. चार शब्दांच्या वर बोलतील तर शपथ. आमचं या घड्याळावरून जन्मभर भांडण झालं, आणि त्यात एकदाही आवाज चढला नाही.

आता मात्र निवांत सरळ राहतं. कुणी ढकलायला नाही. पण चालत नाही.

परत पाठवते आहे. या खेपेस चाकं साखरेत ठेवू नकोस, मला सगळं कळतं. लेकीचा काल फोन आला होता, पडद्यांचा रंग विचारत होती.

लोभ आहे, पण सध्या तोही बंद पडायला टेकला आहे.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता काय लिहू? गादी सोडली, घड्याळ बाहेर काढलं, उघडायच्या आधी सहज म्हणून हॉलमधल्या खिळ्याला टांगलं. लंबकाला बोट लावलं आणि ते चालायला लागलं. मी त्याला स्क्रू-ड्रायव्हर दाखवलासुद्धा नव्हता. चालतंय ते चालतंयच. ड्रायव्हर चहाला थांबला होता. त्याने विचारलं की हे घड्याळ दर वेळी हवापालटासाठी आणता काय, कारण त्याच्या सासूचंही असंच आहे, स्वतःच्या घरी आजारी आणि त्याच्या घरी ठणठणीत.

मी हसलो, पण ताई, ते माझ्या डोक्यात बसलं. पुस्तकं चाळली. तुझ्या घराला दमटपणा असेल. खालून गाड्या जाऊन भिंतीला हादरे बसत असतील. किंवा तू किल्ली रागाने देत असशील. भावोजींच्या वाकडेपणाबद्दल तू लिहिलंस ते वाचून मला त्यांचं आश्चर्य वाटलं. इतका शिस्तीचा माणूस, आणि घड्याळ वाकडं! त्या वाकडेपणानेच त्याचं आतून काही कायमचं बिघडलं असणार. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून इथेच थांबतो.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण मोठ्या बहिणीशी खोटं बोलू नये. त्या घड्याळाला तुझं घर मानवत नाही असं दिसतं. माझ्याकडे दुसरं एक छान घड्याळ आहे, दर तासाला त्यातून पक्षी बाहेर येतो. आत जात नाही, पण बाहेर येतो. ते पाठवू का? चालतं आहे हे दाखवायला तेवढं पुरेल. मला तू हवी आहेस तिथेच हवी आहेस, ताई. तू त्या घरात नसलीस तर मी कुणाच्या घरी जेवायला जाऊ?

लोभ कमी करू नकोस, बाकी काहीही बोल.

तुझा,
खटपट्या

२८ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

नाचता येईना अंगण वाकडं. माझं घर दमट, माझी भिंत हलते, माझा हात रागीट, आणि वर गेलेल्या माणसाचाही दोष! तुझा पक्षी तुझ्यापाशी ठेव. मला घड्याळ नको आहे रे, ह्यांचं घड्याळ हवं आहे. लेकीला फसवायचं असतं तर मोबाइलवाल्याची बॅटरी काय वाईट होती?

रागावले नाही. खरं सांगते, थकले. लेकीला काल फोन करून सांगून टाकलं की पैज तू जिंकलीस. ती आनंदाने ओरडली, मग माझा आवाज ऐकून हळूच पडद्यांचा रंग विचारला. पडदे निळे लाव म्हटलं. माळ्यावरून बॅग काढली आहे. त्यात काय भरायचं ते मात्र सुचत नाही. सगळं घरच न्यावंसं वाटतं, आणि मग काहीच नको वाटतं.

घड्याळ आहे तसं परत पाठव. चालो, न चालो. जाईपर्यंत ते त्याच्या जागेवर असू दे. ती रिकामी भिंत बघवत नाही.

तू खूप केलंस. तुझ्यावरचा लोभ असा पैजेवारी संपणारा नाही.

तुझी,
ताई

३ एप्रिल

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र घड्याळाबरोबरच ड्रायव्हरच्या हाती देते आहे. गादी सोडायच्या आधी वाचा. तुमच्या बंधूंना मी यातलं काही सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते घड्याळ पुन्हा उघडतील.

तुमचं शेवटचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि खिडकीशी जाऊन बसले. न्हाणीघरातलं घड्याळ वाजलं तरी मान वर केली नाही. शेवटी त्यांना बळेच भाजी आणायला धाडलं आणि घड्याळ बांधायला घेतलं. बांधायच्या आधी म्हटलं, परक्या घरी पाठवतो तसं जरा पुसून पाठवावं. फडकं मारलं. वाकडं दिसलं, अर्थात, ह्यांनीच टांगलेलं. ह्यांचं सामान मी सरळ करत नाही, पण तुमची वस्तू आहे म्हणून हाताने सरळ केलं, आणि केर काढायला घेतला. वन्सं, माझा हॉलचा केर निघायच्या आत ते थांबलं!

मला वाटलं माझ्या फडक्याने काही बिघडलं. घाबरून परत होतं तसं डावीकडे झुकवलं, लंबकाला बोट लावलं, तर चाललं. पुन्हा सरळ केलं आणि कान देऊन ऐकलं. सरळ असलं की ते लंगडतं. एक टिक लांब, एक आखूड, पायात काटा गेलेल्या माणसासारखं चालतं आणि हळूहळू बसतं. झुकवलं की दोन्ही पावलं सारखी पडतात. तुमच्या बंधूंना त्या कानाने हे कसं कळावं, आणि त्यांना ते सरळच दिसतं. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा धीर झाला नाही.

मी काही घड्याळातली जाणकार नाही. पण मग मला तुमचं ते बुटांचं पत्र आठवलं, आणि मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिले. एवढंच विचारते: भावोजी ते घड्याळ कुठल्या बाजूला झुकवायचे?

घाईत आहे, ह्यांच्या पायऱ्या चढण्याचा आवाज येतो आहे. लोभ असू द्यावा आणि बॅग अजून भरू नये.

तुमची,
वहिनी

९ एप्रिल

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

डावीकडे गं. डावीकडेच!

तुझं पत्र वाचलं आणि ड्रायव्हरला जाऊच दिलं नाही. त्याच्याकडून घड्याळ वर चढवून घेतलं. त्याने पायाखालच्या स्टुलावरून विचारलं की सरळ आहे का. मी म्हटलं, वाकडं कर. तो म्हणाला किती. आता किती ते मला कुठे ठाऊक? जन्मभर मी ते फक्त सरळ करायचंच काम केलं होतं. मग भिंतीजवळ जाऊन नाक लावून पाहिलं. मी इतकी वर्षं ती रेघ पुसली, पण ह्यांची पेन्सिल कडक असायची. शिसं पुसलं गेलं तरी भिंतीच्या रंगात एक बारीक चर उरला होता. बोट फिरवलं की लागतो. त्याला कड लावली.

वहिनी, ते चालायला लागलं. चहा झाला, ड्रायव्हर गेला, शेजारीण येऊन गेली, मी स्वयंपाक केला, जेवले, आणि ते चालतंच आहे. आत्ता लिहिते आहे तेही त्याच्याच सोबतीने.

खूप रडले. आणि मग खूप राग आला. एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं की सरळ केलं की थांबतं, तर काय जीभ झिजली असती? का सांगितलं होतं आणि मी भांडी आपटत होते? माझ्या प्रत्येक फडक्यामागे हा माणूस बूट घालून उठत राहिला, पण मला फडकं मारू नको असं कधी म्हणाला नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

तुझ्या खटपट्याला आता सांग. आणि हो, त्याची मान सरळ करू नकोस. ती वाकडी नसती तर आपल्याला हे कधीच कळलं नसतं.

तुझ्यावरचा लोभ आजपासून दुप्पट.

तुझी,
वन्सं

१५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या वहिनीने सगळं सांगितलं. प्रथम मी ते नाकारलं. मग तिने दाराच्या चौकटीला ओळंबा लावून मला त्याच्याशेजारी उभं केलं आणि आरसा दाखवला.  आजपासून मानेचे व्यायाम सुरू केले आहेत. दवाखाना आता सरळ दिसायला लागला आहे, पण आमचा लग्नाचा फोटो पाहून धक्का बसला.

आता शास्त्र ऐक. मी पहिल्या पत्रात त्या काडीबद्दल लिहिलं होतं, लंबकाला ढकलणाऱ्या. ती काडी वाकली असणार. कधीतरी घड्याळ पडलं असेल. त्यामुळे लंबकाला एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी धक्का बसतो. पेटी झुकवली की दोन्हीकडे सारखा होतो. भावोजींना हे कळलं होतं. मला, पुस्तकं वाचून, रॉकेलमध्ये हात बुडवून, कळलं नाही. मी त्यांना दोष दिला तो शब्द परत घेतो.

पण आनंदाची बातमी अशी की उपाय चुटकीसरशी आहे! काडी चिमट्यात धरून इवलीशी वाकवायची, झालं. मग घड्याळ कसं सरळच्या सरळ टांग, ठणठणीत चालेल, आणि तुझ्या डोळ्यांनाही बरं वाटेल. येत्या ट्रकने पाठव. या खेपेस मी कान वहिनीचे वापरीन.

लोभ असावा, आणि या एका दुरुस्तीपुरता विश्वासही.

तुझा,
खटपट्या

२९ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

लेक आली आणि गेली. गाडी रिकामीच घेऊन गेली. घड्याळ चालू झाल्याचं मी तिला आधी कळवलं नव्हतं.

दारातून आत पाऊल टाकलं, बॅगा कुठे म्हणून विचारलं, आणि बोलता बोलता हात वर करून घड्याळ सरळ केलं. माझीच लेक! मी स्वयंपाकघरात गेले. चहा दिला. पडद्यांचा निळा रंग कसा मिळाला ते ती सांगत होती, तोवर घड्याळ लंगडायला लागलं. तिलाही ऐकू आलं. म्हणाली, बघ, थांबतंय. मी उठले, चपला पायात सरकवल्या, एका बोटाने त्याला खालून ढकललं आणि परत येऊन बसले. ती बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली की बाबा असंच करायचे. मी म्हटलं, हो. मग आम्ही दोघी आधी रडलो आणि नंतर तुझ्या मानेवरून पोट धरून हसलो. पैज ती हरली. पडदे तुझ्याकडे पाठवते म्हणाली, घड्याळांवर घालायला.

आता तुझ्या चिमट्याबद्दल. खबरदार त्या काडीला हात लावशील तर! ट्रकने काही येणार नाही. ड्रायव्हरलाही सांगून ठेवलं आहे की मी गादीत गुंडाळून काही आणलं तरी घेऊ नकोस. तू दुरुस्त करशील, सरळ चालायला लावशील, सगळं खरं. पण मग त्याला रोज हात लावायला उरेल काय?

सकाळी फडकं मारताना मी ते अजूनही सरळ करते. हात ऐकत नाही. ते जरा लंगडायला लागलं की मी भाजीची पिशवी घेते, चपला घालते, आणि निघता निघता एका बोटाने वाकडं करते. पूर्वी या घड्याळाला आम्ही दोघं लागायचो, आता दोघांची कामं मी एकटीच करते.

भिंतीवरची रेघ मी पेन्सिलने पुन्हा ओढली आहे. पुसत नाही.

वहिनीला घेऊन जेवायला ये, लवकर. लोभ आहे तसाच, थोडा डावीकडे कललेला, असू द्यावा.

तुझी,
ताई